सोतो नोमपनो

१

नीळकंठराव पिंपळापुरे जाऊन चार महिने झाले होते, आणि गेल्या मंगळवारपासून ते रोज दुपारी तीन वाजता लिहायला लागले होते. निदान त्यांच्या पत्नीचं, सुनंदाताईंचं, तसं म्हणणं होतं.

वसुधा डबीर यांनी हे फोनवर ऐकलं. तीस वर्षं त्यांनी न्यू मार्केटच्या मागे हिंदी-इंग्रजी टायपिंगचा क्लास चालवला होता. भोपाळच्या कितीतरी कचेऱ्यांतले बाबू त्यांच्या हाताखालून गेलेले; नीळकंठराव त्यांतलेच एक. क्लास बंद झाला तरी कुणाचा कीबोर्ड अडला की लोक अजून डबीरबाईंनाच बोलावत. पण मेलेला माणूस टाईप करतो, अशी तक्रार त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती.

बुधवारी पावणेतीनला त्या शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरचा जिना चढल्या. वरचं घर सुनंदाताईंच्या मुलाच्या नावावर होतं; तो दौऱ्यावर गेलेला. बाहेर रखरखीत ऊन होतं, कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. सुनंदाताईंनी दार लावून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर टॅब ठेवला.

"वसुधाताई, एरवी मी हा बंदच ठेवते," त्या म्हणाल्या. "तीनला आमचा चहा व्हायचा. म्हणून त्या वेळी सुरू करते, त्यांचं शेवटचं पान उघडते आणि बसते. एवढंच."

शेवटच्या पानावर नीळकंठरावांनी मराठीत लिहिलेलं होतं: टाकीचा व्हॉल्व बदलणे, चष्म्याची काडी. त्याच्याखाली, रोज थोडं थोडं वाढत गेलेलं, भलतंच काही.

लगतकोलूप सोतो नोमपनो
सग कपोतग
लगतकोलूप सग कपोतग

"कसला मंत्र आहे का हो हा? जोशीगुरुजींना दाखवला. ते म्हणाले, असं संस्कृत नाही."

"कुणी हात लावला असेल."

"घरात मी एकटी आहे."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. दोघी टेबलापासून हातभर लांब बसल्या होत्या. पंखा फिरत होता, खालून कुठूनतरी कुकरची शिट्टी आली. आणि पडद्यावर 'ल' उमटला.

मग थांबून 'ग'. मग 'त'. अडखळत, दम घेत, एक एक अक्षर येत होतं. पाच मिनिटांनी ओळ पुरी झाली.

लगकपगत तो कोतनो

वसुधाबाईंनी खुर्ची मागे सरकवली. सुनंदाताईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती.

२

चार वाजता वसुधाबाई खाली उतरल्या तेव्हा खालच्या क्वार्टरचं दार किलकिलं झालं. मृणाल बोधनकर हातात कीबोर्ड घेऊन उभी होती. तिशी-बत्तिशीची, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"काकू, तुम्ही कीबोर्ड बघता ना? हा आमच्या काकांचा. टॅबला जोडायचा बिनतारी. पंधरा दिवस झाले, चालतच नाही."

काका म्हणजे तिच्या नवऱ्याचे, गौरांगचे, चुलते. अनंतराव बोधनकर, निवृत्त विद्युत अभियंता. दोन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा निखिल विशाखापट्टणमला नोकरीत, म्हणून ते आधीपासूनच पुतण्याकडे राहत होते; वरच्या नीळकंठरावांशी त्यांची दोस्ती होती.

कीबोर्ड वसुधाबाईंच्या ओळखीचा निघाला. कळांवर इंग्रजी अक्षरांशेजारी देवनागरीची पिवळी चिकटपत्रं होती आणि ती त्यांनीच स्वतःच्या हातांनी लावून दिली होती.

"हा तर नीळकंठरावांचा."

"हो, सुनंदाकाकूंनी दिला. काकांना बोलता येत नाही ना. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे ते, डाव्या हाताने."

आत खाटेवर अनंतराव पडलेले दिसत होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. वसुधाबाईंनी कीबोर्ड पिशवीत टाकला तसा त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. बोटं हवेत हलली. घशातून वारं सुटल्यासारखा आवाज आला.

"झोपेत असंच करतात," मृणाल पटकन म्हणाली आणि दार ओढून उभी राहिली. "घाई नाही काकू, निवांत बघा. महिना लागला तरी चालेल. फक्त एक विचारायचं होतं." तिचा आवाज खाली आला. "यावर जे टाईप केलेलं असतं, ते याच्या आत कुठे साठून राहतं का?"

"कीबोर्डमध्ये? नाही गं. तो नुसती अक्षरं पाठवतो."

"कुठे पाठवतो?"

"ज्याला जोडलेला असेल त्याला."

मृणालने मान हलवली आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज वसुधाबाईंना रिक्षात बसेपर्यंत ऐकू येत राहिल्यासारखं वाटलं.

३

साकेत नगरच्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी गुरुवारी दुपारी जेवण आटोपून कीबोर्ड काढला. आधी चार्जिंग पाहिलं, भरपूर होतं. बंद करून पुन्हा सुरू केला. कळा एक एक दाबून पाहिल्या. कुठली अडकत नव्हती. शेवटी आपला स्वतःचा टॅब काढून त्याला तो नव्याने जोडला. झटक्यात जोडला गेला आणि सगळी अक्षरं बिनचूक उमटली.

कीबोर्ड ठणठणीत होता.

त्यांनी चष्मा पुसला. वरच्या ओळीतल्या एक, दोन, तीन या आकड्यांच्या कळांवर बारीक दिवे होते. एकाच कीबोर्डला तीन टॅब जोडता येत. कोपऱ्यातली कळ धरून आकडा दाबला की अक्षरं त्या टॅबकडे जात. आपला टॅब त्यांनी तीनवर जोडला होता. दोनवर अनंतरावांचा असणार. पण कीबोर्ड पिशवीतून काढला तेव्हा टॅब सापडेपर्यंत लुकलुकणारा दिवा लागलेला होता तो एकवर, आणि एकवर ज्याने कीबोर्ड पहिल्यांदा घेतला त्याचा टॅब होता.

फोन वाजला. सुनंदाताईंचा रडवेला आवाज.

"वसुधाताई, आज ते आले नाहीत हो. साडेतीन झाले. पानावर आज एक अक्षर नाही."

वसुधाबाईंची नजर कीबोर्डवर खिळली.

"सुनंदा, ते शब्द वाच. सावकाश."

"सोतो..."

'स'चं चिकटपत्र ज्या कळेवर होतं तिच्यावर इंग्रजी एम छापलेलं होतं. ओकाराच्या मात्रेखाली ए. 'त'च्या शेजारी एल. पुन्हा ए.

मला.

नीळकंठरावांनी आपला टॅब देवनागरीवर ठेवला होता. कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करत होतं आणि वरच्या टॅबवर त्याच कळांची देवनागरी अक्षरं उमटत होती. त्यांनी पुढचे शब्द कळांवर लावून पाहिले. 'नोमपनो' म्हणजे वाचवा. 'सग कपोतग' म्हणजे मी खाली. 'लगकपगत तो कोतनो' म्हणजे निखिलला कळवा. आणि 'लगतकोलूप'?

नीळकंठ.

मेलेला माणूस स्वतःला हाक मारत नव्हता. एक जिवंत माणूस त्याला हाक मारत होता. आठ दिवस, मजल्याच्या लादीआडून. आणि त्याचा तो आवाज काल आपण पिशवीत घालून घेऊन आलो होतो.

४

त्या संध्याकाळी गेल्या असत्या तर मृणालने दारातूनच परतवलं असतं, हे त्यांना कळत होतं. नुसता 'वाचवा' शब्द पुरेसा नव्हता. कोणापासून वाचवायचं? घरात तीन माणसांचा वावर होता. गौरांग, मृणाल, आणि सकाळी अंग पुसायला, व्यायाम द्यायला येणारा केशव.

शुक्रवारी सकाळी नऊला त्यांनी केशवला कॉलनीच्या फाटकावर गाठलं. साकेत नगरजवळच्या मोठ्या इस्पितळात तो वॉर्डबॉय होता. काळासावळा, तुटक बोलणारा.

"बाबूजी को कोई तकलीफ़ देता है क्या, केशव?"

"मैं दूँगा?" तो उसळला. मग त्याने सायकल स्टँडला लावली. "मैडमजी, एक बात है। नींद की गोली डॉक्टर ने रात को आधी लिखी है। गोलियों का पत्ता देखता हूँ तो जल्दी-जल्दी ख़ाली हो रहा है। सुबह भी बाबूजी लुढ़के रहते हैं। पानी पिलाओ तो ठसका लगता है। किसी दिन साँस अटक जाएगी।"

"बहू से पूछा?"

"बोलीं, डॉक्टर ने बढ़ाई है।"

"और जिस दिन गिरे थे?"

"उस दिन मेरी छुट्टी थी। वॉर्ड में सुना, सुई के बाद दिमाग़ में ख़ून उतर आया। वो सुई ख़ून का थक्का गलाती है। साढ़े चार घंटे के अंदर ही लगाते हैं, बाद में जोखिम है। इसीलिए डॉक्टर सबसे पहले पूछते हैं कि कब हुआ।"

गौरांग वल्लभ भवनातल्या कचेरीकडे जायला स्कूटर काढत होता. उंच, नीटस, घाईत.

"तीनला पडले काका," तो म्हणाला. "मृणाल घरीच होती. लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून निदान जीव तरी वाचला. निखिलला मी शब्द दिलाय काकू, घरात चोवीस तास माणूस असेल म्हणून. परवा तो येतोच आहे, रविवारी. हे सगळं का विचारताय?"

"कीबोर्ड दुरुस्त झालाय. कसा वापरायचा ते तुम्हालाच नीट दाखवायचं आहे. आज तीनला घरी याल?"

"अर्धा तास निघेन."

मग त्या वर गेल्या. सुनंदाताईंना त्यांनी शब्दांचा अर्थ अजून सांगितला नव्हता. आता सांगितला. सुनंदाताई बराच वेळ लादीकडे बघत राहिल्या, जणू तिच्याआरपार खालची खाट दिसत होती.

"अनंतराव पडले त्या दिवशी तुला काही ऐकू आलं होतं?"

"तीनला काहीच नाही. मी तेव्हा गॅलरीत होते. मृणाल साडी नेसून, हातात फाइल घेऊन फाटकातून आत येताना दिसली. मग तिची किंकाळी आली." सुनंदाताईंनी लादीकडे बोट केलं. "पण सकाळी काहीतरी धाडकन पडलं होतं खाली. माझा कुकर व्हायचा होता. दहा वाजले असतील. मला वाटलं, कपाटबिपाट हलवताहेत."

दहा ते तीन. पाच तास. गुठळी विरघळवणाऱ्या सुईची मुदत साडेचार.

वसुधाबाईंनी टॅब जवळ ओढला, त्यातली देवनागरी बदलून इंग्रजी अक्षरं लावली आणि म्हणाल्या, "बरोबर तीनला हा सुरू कर. गॅलरीत उभी राहा. जे उमटेल ते मोठ्याने वाच. काहीही उमटलं तरी थांबू नकोस."

केशवला त्यांनी फाटकावरच सांगून ठेवलं होतं, मृणालने काढून ठेवलेल्या आजच्या गोळीचं. ती त्याने मोरीत टाकली होती.

५

मृणालने दार उघडलं आणि समोर वसुधाबाईंबरोबर गौरांगला पाहून तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही आत्ता कसे?"

"कीबोर्ड झाला म्हणे. काका जागे आहेत?"

"झोपलेत." ती दारातून हलली नाही. "आणि टॅब कुठे आहे घरात? तो मी..."

"टॅब नको," वसुधाबाई म्हणाल्या आणि तिच्या बाजूने आत गेल्या.

अनंतराव जागे होते. डोळे लख्ख उघडे. वसुधाबाईंनी कीबोर्ड त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवला आणि सुरू केला. त्यांनी काही सांगायच्या आत त्या हाताने कोपऱ्यातली कळ अंगठ्याने दाबली, करंगळी ताणून एकवर ठेवली. दोन्ही कळा डावीकडेच होत्या. एका हाताला जमण्याजोग्या.

"कीबोर्ड बिघडला नव्हता, गौरांग. तो यांनीच फिरवला होता. स्वतःच्या टॅबकडून वरच्या टॅबकडे."

एकचा दिवा लुकलुकत होता. भिंतीवरच्या घड्याळाने तीन दाखवले आणि दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला.

"अनंतराव, तुम्ही पडलात तेव्हा किती वाजले होते?"

बोट उचललं गेलं. एक कळ. दुसरी. खोलीत एवढाच आवाज. मग उघड्या खिडकीतून, वरून, एका बाईचा आवाज खाली उतरला.

"दहा..."

गौरांग खिडकीकडे वळला, मग काकांकडे. काकांचे ओठ हलत नव्हते.

"दहा... वाजता... पडलो," वरचा आवाज म्हणाला. बोट चालू लागलं. "घड्याळ... समोर... होतं. मृणाल... तीनला... आली. डॉक्टरला... म्हणाली... आत्ताच... पडले."

"बस," मृणाल म्हणाली.

"मी... ऐकत... होतो. बोलता... येत... नव्हतं."

"बस करा! कुणीतरी थांबवा त्यांना!" ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. आवाज मात्र थांबला नाही. सुनंदाताईंना सांगितलं होतं तसं त्या वाचत राहिल्या.

६

मृणाल एका शाळेत मुलाखतीला गेली होती. लग्नाआधी शिकवायची, पुन्हा शिकवायचं होतं. गौरांगने निखिलला शब्द दिलेला, म्हणून त्याला न सांगता, बाहेरून कुलूप लावून गेली. आली तर काका जमिनीवर.

"मी नुसतं म्हटलं, आत्ताच पडले. मला वाटलं, नाहीतर बोलणी बसतील, एवढंच. त्या सुईचं मला काय माहीत?" ती गौरांगकडे न बघता बोलत होती. "ती देताना डॉक्टरांनी वेळ परत विचारली. मी सांगणार होते. तुम्ही तेवढ्यात धावत आलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, तू होतीस म्हणून वाचले."

गौरांग खाटेच्या कडेवर बसला.

बाकीचं वसुधाबाईंनी जुळवलं होतं, तिने नुसती मान हलवली. कीबोर्ड हाती आल्यावर अनंतरावांनी पहिल्या दिवशी तेच टॅबवर लिहिलं. तिने पुसलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हा तिने टॅब कपाटात टाकला आणि कीबोर्ड बिघडला म्हणून सांगितलं. बोटांना व्यायाम हवा म्हणून कीबोर्ड मात्र त्यांच्याकडे राहिला. निखिल यायचं ठरलं तशा गोळ्या वाढल्या.

"पण ते टाईप करतच राहिले. रोज तीनला. समोर टॅब नाही, काही नाही, आणि हे माझ्याकडे बघत बडवताहेत. मला वेड लागायची पाळी आली. कुणाला लिहिताहेत हे? म्हणून तो या काकूंना देऊन टाकला."

"त्यांना त्या दिव्यावरून कळायचं," वसुधाबाई म्हणाल्या. "तीनला सुनंदा वरचा टॅब सुरू करायची आणि हा दिवा स्थिर व्हायचा. कुणीतरी आहे, एवढं त्यांना कळायचं." मग त्या खाटेकडे वळल्या. "एकच कळलं नाही, अनंतराव. हाक नीळकंठरावांना का? ते तर गेलेले."

अनंतरावांनी बराच वेळ टाईप केलं. वरून आवाज यायलाही वेळ लागला.

"गोळ्यांनी... डोकं... चालत नव्हतं," सुनंदाताईंचा आवाज चिरकला. "तो... गेल्याचं... आठवायचं नाही. वाटायचं... नीळकंठ... वाचतोय."

त्याच संध्याकाळी गौरांगने काकांना इस्पितळात नेलं. मृणाल बरोबर गेली आणि त्या दिवशीची खरी वेळ तिने स्वतः डॉक्टरांना सांगितली. रविवारी निखिल आला. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पोलिसांत द्यायचं की नाही ते वडिलांवर सोडलं. अनंतरावांनी नको म्हणून लिहिलं, आणि त्याखाली, तिच्या हातचं पाणीसुद्धा नको. पुढच्या आठवड्यात मृणाल नागपूरला माहेरी गेली. गौरांग तिला सोडायला स्टेशनवर गेला की नाही, ते कॉलनीत कुणी पाहिलं नाही.

अनंतरावांना विशाखापट्टणमला न्यायच्या आदल्या दिवशी वसुधाबाई पुन्हा शिवाजी नगरला आल्या. सुनंदाताई वरच्या गॅलरीत बसल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं.

"वसुधाताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं," त्या अचानक म्हणाल्या. "लिहिणारे हे नाहीत, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"हे भराभर टाईप करायचे. धडाधड. तुम्हीच शिकवलेलं. आणि ही अक्षरं कशी चाचपडत यायची. बत्तीस वर्षं मी शेजारच्या खोलीतून यांचं टाईप करणं ऐकलंय. मला कळणार नाही?"

"मग आठ दिवस गप्प का राहिलीस?"

सुनंदाताईंनी खाली अंगणाकडे पाहिलं. निखिल वडिलांची चाकाची खुर्ची उन्हातून सावलीत घेत होता.

"रोज तीनला कुणीतरी येत होतं हो," त्या म्हणाल्या. "कोण येतं ते विचारलं असतं, तर यायचं थांबलं असतं."

थोड्या वेळाने सुनंदाताई उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि आपल्याला आधीच कळलं होतं, ते अनंतरावांना सांगायला जिना उतरू लागल्या.